डेलियाचे दोन डोळे

चवथीचे मखर उतरवून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा शेजारच्या काकीने हाक मारली. तिने ऑनलाइन मागवलेले पाकीट आले होते. पाकिटावर जेवणाच्या ताटाएवढे किरमिजी फूल, आणि आत भुशात गुंडाळलेली चार सुकी, तपकिरी बोटे. बलकांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, सोप्यावर ती ओतत काकी म्हणाली, ‘‘फूल मागवलं तर कणगां धाडलीत की रे!’’ कणगां म्हणजे आमच्याकडचे खायचे कंद.

मी चारही उलटीपालटी करून पाहिली. तीन बाजूला ठेवली, एक तिच्या हातात दिले. ‘‘हे लाव. बाकीची तीन जन्मात रुजायची नाहीत.’’ पैसे चारांचे मोजलेले, त्यामुळे काकीने अर्थातच चारही लावली. दिवाळीला एकाच कुंडीत पान होते.

त्या एका कंदाला डोळा होता, बाकीच्यांना नव्हता. डेलियातला हा पहिला डोळा. दुसरा फुलात असतो, आणि तो मिटलेला हवा की उघडा यावर प्रदर्शनात फुलाचे काय होणार ते ठरते. गोव्यात डेलियाची जात निवडायची तर हे दोन्ही डोळे ओळखता यायला हवेत. पाकिटावरचा फोटो दोन्हींबद्दल चकार शब्द काढत नाही.

कंदाचा डोळा

बटाट्याच्या अंगभर डोळे असतात, कारण बटाटा म्हणजे जमिनीत फुगलेले खोड. रताळे हे मूळ, तरी त्याच्या अंगावर कोंब फुटतात. डेलियाचा कंदसुद्धा फुगलेले मूळच, पण रताळ्याची ही करामत त्याला येत नाही. कोंब फुटतो तो फक्त मागच्या खोडाच्या बुंध्याशी, जिथे कंदाची मान त्या खोडाला चिकटलेली असते तिथे. या जागेला माथा म्हणू. कंद कितीही गलेलठ्ठ असो. मान मोडलेली असेल किंवा माथ्याचा तुकडा सोबत आला नसेल तर तो मातीत पडून राहील, पाणी पिईल, चार मुळेही फोडेल, पण रोप देणार नाही. उलट करंगळीएवढा कंद, धड मान आणि माथ्यावर टाचणीच्या टोपीएवढा गुलाबी फुगवटा असला की काम झाले.

म्हणून कंद विकत घेताना वजनावर जाऊ नका. मान दोन बोटांत धरून हलकेच हलवा. लोंबकळली तर आतून तुटली आहे असे समजा. डोळा दिसत नसेल तर कंद ओलसर रेवेत आडवा ठेवून दोन-तीन आठवडे थांबा. असला तर तोवर फुगून वर येतो. दुकानदार अशी वाट पाहू देत नाही हे खरे, पण मग घासाघीस तरी करता येते.

कंदाखेरीज आणखी दोन वाटा आहेत. एक फाट्याची: कोंब बोटभर वाढला की पेराखाली कापायचा, खालची पाने काढायची आणि रेवेत खोचायचा. दोन-तीन आठवड्यांत मुळे येतात. बंगालमधले हौशी लोक मोठमोठी फुले काढतात ती बहुतेक अशाच फाट्यांवर. दुसरी वाट बियांची, आणि तिथे खरी गंमत आहे.

माणसात गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. बागेतल्या डेलियात असे आठ संच असतात, एकूण ६४ गुणसूत्रे. त्यामुळे बी धरताना जी सरमिसळ होते तिला अंत नाही. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, हाउजी हा आकड्यांचा खेळ खेळताना तिकिटे वाटतात, तिथे शेजारच्या दोघांची तिकिटे कधी सारखी निघत नाहीत. डेलियाच्या एका बोंडातल्या बियांचे तसेच आहे. लाल भरगच्च फुलाच्या बीतून फिकट जांभळे एकेरी फूल येऊ शकते. नाव असलेली जात हवी असेल तर ती कंदातून किंवा फाट्यातूनच मिळेल. ‘अमुक नावाच्या जातीचे बी’ असे कोणी विकत असेल तर तो नाव विकतो आहे, जात नव्हे. बियांची मिश्र पाकिटे मात्र जरूर घ्यावीत. स्वस्त असतात, तीनेक महिन्यांत फुलतात आणि आपल्या हवेत टिकणारे रोप अचानक हाती लागण्याची शक्यता त्यांच्यातच जास्त. याबद्दल पुढे येईन.

डिसेंबरात नर्सऱ्यांत वीतभर उंचीच्या, फुलांनी लगडलेल्या कुंड्या येतात. त्या घाटावरून येतात आणि बऱ्याचदा वाढ रोखणारे औषध दिलेले असते. नाताळच्या सजावटीला छान. पण त्यावरून त्या जातीचा स्वभाव कळत नाही. पुढच्या वर्षी तेच रोप कमरेएवढे झाले तर दचकू नका.

मुंबईच्या रेषेवरचा डोंगरी

काजू, मिरची, अननस, पपई ही अमेरिकेतली मंडळी पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आली आणि घरचीच होऊन बसली. डेलियासुद्धा तिकडचाच, मेक्सिकोचा, पण तो त्या जहाजांवर नव्हता. मेक्सिको शहराच्या वनस्पती उद्यानातून त्याचे बी १७८९ मध्ये माद्रिदला पोचले. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ अंतोनियो होसे काव्हानियेस यांनी १७९१ मध्ये स्वीडनच्या अँडर्स डाल यांच्या नावावरून त्याला ‘डाहलिया’ म्हटले. आपण त्याचा डेलिया केला. १९६३ मध्ये मेक्सिकोने त्याला राष्ट्रीय फूल ठरवले.

मेक्सिको शहर नकाशावर जवळजवळ मुंबईच्याच रेषेत आहे. म्हणजे डेलिया हा विलायती थंडीतला पाहुणा नव्हे. अक्षांशाने तो आपल्या शेजारचाच. पण ते शहर समुद्रापासून २,२०० मीटरहून उंचावर. महाबळेश्वर १,३५० च्या आसपास, यावरून कल्पना करा. डेलिया तिथे पावसाबरोबर उगवतो, पावसाळाभर वाढतो, शेवटी फुलतो आणि कोरड्या हिवाळ्यात जमिनीत झोपतो. स्वभावाने तो पावसाळी झाड आहे. फक्त त्याच्या ओळखीचा पाऊस वर्षाला आठशे मिलिमीटरच्या घरातला. आमच्याकडे तीन हजार पडतो. त्या पावसात जांभ्या मातीच्या खाचेत ठेवलेला कंद पंधरा दिवसांत पेज होतो.

गोव्यात त्याच्यासाठी कोरडा, सुसह्य काळ उरतो तो दसऱ्यापासून शिगम्यापर्यंत. तोही तंतोतंत नाही. किनाऱ्याजवळ जानेवारीतली रात्रही वीस अंशांच्या फार खाली जात नाही. कोलकात्यात त्याच वेळी चौदा-पंधरा असते. झाड दिवसा पानांत साखर तयार करते आणि रात्री श्वासोच्छ्वासात तिच्यातली काही जाळते. रात्र जितकी उबदार तितकी जळण जास्त, फुलासाठी शिल्लक कमी. बंगालमध्ये ताटाएवढे होणारे फूल पणजीत बशीएवढे होते ते यामुळे, खत कमी पडले म्हणून नव्हे. लोक खत वाढवत बसतात आणि नुसता पाला वाढतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा अशा सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागांत पहाटे बऱ्यापैकी गारवा असतो, तिथली फुले किनाऱ्यापेक्षा उजवी होतात. कुळागरात मात्र लावू नका. गारवा असतो, पण पोफळींची सावली डेलियाला मानवत नाही. त्याला निदान पाच-सहा तास ऊन हवे, सकाळचे असेल तर उत्तम.

खाडीकाठच्या खाजन जमिनीजवळ राहणाऱ्यांनी कुंडीच वापरावी, खारे पाणी याला चालत नाही.

फुलाचा डोळा

डेलियाचे एक फूल म्हणजे खरे तर एक फूल नव्हे, अख्खी जत्रा. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांच्या कुळातला हा. एका बैठकीवर शेकडो चिमुकली फुले दाटीवाटीने बसलेली. जिला आपण पाकळी म्हणतो ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल आहे, त्याला किरणफूल म्हणतात. मधोमध जी पिवळी गादी दिसते ती नळीसारख्या बारीक फुलांची, ती बिंबफुले. रानातल्या डेलियात साधारण आठ किरणफुले आणि मध्ये पिवळे बिंब, इतकाच संसार. माणसाने दोनशे वर्षे निवड करत बिंबफुलांच्या जागी किरणफुले बसवली आणि भरगच्च डेलिया घडवला. त्याचे उरलेसुरले बिंब मधल्या मिटलेल्या पाकळ्यांखाली दडलेले असते. फूल जुने झाले, किंवा झाडाला पुरेशा पाकळ्या घडवता आल्या नाहीत, की मध्ये पिवळा डोळा उघडतो. भरगच्च वर्गात असा डोळा उघडलेला दिसला की परीक्षक पुढे सरकतो.

आणि गोव्यात तो लवकर उघडतो. याला कारण उष्णता आहेच, पण दुसरे कारण लोकांच्या लक्षात येत नाही: आपल्या हिवाळ्यातला दिवस लहान असतो.

झाडाला दिवसरात्रीची लांबी कळते. बारा ते चौदा तासांचा दिवस असला की डेलिया नीट वाढतो आणि भरगच्च फुलतो. दिवस बारा तासांच्या खाली गेला की त्याला वाटते, झोपायची वेळ आली. मग तो जमिनीत कंद भरू लागतो. दिवस आणखी आखडला की फुलातल्या पाकळ्यांची संख्या कमी होते आणि बिंब वर येते. विलायतेत डेलिया लांब दिवसांच्या उन्हाळ्यात वाढतो आणि दिवस आखडू लागतात तसा भराला येतो. आपण मात्र त्याला लावतो ऑक्टोबरात, जेव्हा दिवस बारा तासांच्या खाली घसरलेला असतो, आणि फुलवतो नाताळात, जेव्हा गोव्यातला दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा असतो. म्हणजे शाळेत घातलेल्या पोराला पहिल्याच दिवशी निवृत्तीचे कागद दिल्यासारखे.

हे मला पुस्तकाआधी बलकांवातल्या दिव्याने शिकवले. एकाच फाट्याची भावंडे असलेल्या दोन कुंड्या होत्या. एक पायऱ्यांशी, जिथे दिवा रात्री दहापर्यंत जळायचा. दुसरी विहिरीकडे, अंधारात. विहिरीकडचे फूल चौथ्या दिवशी डोळा दाखवू लागले. पायऱ्यांकडचे आठवडाभर मिटून राहिले आणि आकारानेही मोठे. मला वाटले, मातीचा फरक असेल. मार्चमध्ये कुंड्या उपसल्या, तर विहिरीकडच्याला मुठीएवढा कंदांचा झुबका आणि दिव्याखालच्याला पेन्सिलीसारखी चार मुळे. जपानमधले फूलशेतकरी हिवाळ्यात हेच मुद्दाम करतात, दिवे लावून दिवस चौदा तासांच्या आसपास नेतात. आपल्याला त्यासाठी मोठा खटाटोप नको. संध्याकाळी सहापासून रात्री साडेनऊपर्यंत साधा एलईडी दिवा रोपांच्या डोक्यावर दीडेक मीटरवर लावला तरी फरक दिसतो. ऑक्टोबरात रोपे लहान असल्यापासून लावावा. कळी आल्यावर लावून पाकळ्या वाढत नाहीत, कारण त्यांची संख्या कळी घडतानाच ठरून गेलेली असते.

यात एक मेख आहे. दिव्याखालचे रोप कंद धरत नाही, म्हणजे पुढच्या वर्षीचे बियाणे गेले. म्हणून प्रत्येक जातीची एक कुंडी अंधारात ठेवावी, फुलासाठी नव्हे, कंदासाठी. हे एकदा विसरलो आणि एक सुरेख नारिंगी जात कायमची हातची गेली.

मग निवडायचे काय

माझे मत सरळ आहे. बागेसाठी गोव्यात अशा जाती लावा ज्यांचा डोळा मुळातच उघडा असतो, किंवा ज्यांचे फूल इतके लहान आणि घट्ट असते की डोळा सहसा उघडत नाही. ताटाएवढ्या फुलांचा नाद प्रदर्शनवाल्यांनी करावा, आणि त्यांनीही एक-दोनच कुंड्यांत.

उघड्या डोळ्याचे पहिले म्हणजे एकेरी: आठेक रुंद पाकळ्या, मध्ये बिंब. दुसरे कॉलरवाले: बाहेर मोठ्या पाकळ्यांची एक रांग, आत बिंबाभोवती आखूड, चिरलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या पाकळ्यांची गळपट्टी. कोणी इस्त्री करून ठेवल्यासारखे दिसते. तिसरे ॲनिमोन, त्यात बिंबफुलेच लांब होऊन उशीसारखी वर येतात. ही सगळी आपल्या हवेत सुखाने फुलतात, मधमाश्यांना आवडतात आणि एकामागून एक येत राहतात. बाजारात यांना मागणी कमी, कारण दुकानातल्या फोटोत ती गरीब दिसतात. वेल्समध्ये १९२० च्या दशकात तयार झालेली ‘बिशप ऑफ लँडॅफ’ ही लालभडक, काळपट पानांची जात याच स्वभावाची, जरा दुहेरी पण डोळा उघडा. शंभर वर्षे ती टिकून आहे ती उगाच नव्हे.

लहान आणि घट्ट म्हणजे पाँपाँ आणि बॉल. पाकळ्या नळीसारख्या आत वळलेल्या, मधमाशीच्या पोळ्यातल्या घरांसारख्या एकावर एक. पाँपाँ पाच सेंटिमीटरच्या आसपास, पूर्ण गोल. बॉल त्याहून मोठा आणि वर किंचित चपटा. यांची पाकळी जाड असते, दुपारचे ऊन सोसते. काकणांच्या दुकानात हात कडीत घालून माप काढतात तसे ब्रिटनमधले परीक्षक पाँपाँवर ५२ मिलिमीटरची कडी धरतात. फूल त्यातून पार झाले नाही तर बाद. प्रदर्शनात मोठे तेच चांगले, असे समजणाऱ्यांना हे सांगून पाहा.

डेकोरेटिव्ह म्हणजे रुंद, सपाट पाकळ्यांचे भरगच्च फूल. कॅक्टस म्हणजे पाकळ्या मागे गुंडाळून सुईसारख्या झालेले. दोन्हींत आकार बटणापासून ताटापर्यंत. साधारण मोजमाप असे: दहा सेंटिमीटरपर्यंत चिमुकले, पंधरापर्यंत लहान, वीसपर्यंत मध्यम, पंचवीसपर्यंत मोठे, त्यापुढे राक्षसी. गोव्यात पंधरा सेंटिमीटरपर्यंतच्या जाती नावाप्रमाणे फूल देतात. त्यापुढे पाकिटावरच्या आकड्यातून एक पायरी वजा करून चालावे. वॉटरलिली नावाच्या प्रकाराच्या पाकळ्या पातळ आणि मोजक्या; दिसायला देखणा, पण आपल्याकडे दुपारी दोनला मलूल.

रंगाबद्दल. गडद लाल आणि जांभळे रंग ज्या द्रव्याने येतात ते उष्णतेत कमी बनते, म्हणून डिसेंबरात काळपट मखमली असलेले फूल फेब्रुवारीच्या शेवटी विटक्या लुगड्यासारखे होते. पिवळे आणि नारिंगी माझ्याकडे जास्त टिकले. पांढऱ्यावर फुलकिड्यांचा प्रत्येक ओरखडा दिसतो. निळा डेलिया नसतो. निसर्गात कुठेच नाही, कारण निळ्या रंगाला लागणारे द्रव्य बनवण्याची सोय या झाडात नाही. ‘निळा डेलिया’ म्हणून बी विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे. दोन रंगांच्या जाती, म्हणजे लाल पाकळी आणि पांढरे टोक, फार मोहक, पण लहरी. टोकाच्या पेशींत रंग बनवणारे जनुक झाडानेच गप्प बसवलेले असते. हे गप्प बसवणे सगळीकडे सारखे होत नाही, त्यामुळे एकाच झाडावर एक फूल दुरंगी आणि दुसरे नुसते लाल येते. प्रदर्शनात ‘एकाच जातीची तीन सारखी फुले’ मागितली असतील तर अशा जातीवर भरवसा ठेवू नये.

देठ पाहिल्याशिवाय जात निवडू नका. फूल कसेही असो, देठ आखूड किंवा लुळा असेल तर ते पानांत तोंड खुपसून बसते. ‘कॅफे ओ ले’ ही दुधाळ कॉफीच्या रंगाची डच जात सध्या लग्नाच्या फोटोंमुळे सगळ्यांना हवी आहे. फोटोत राणी, माझ्या कुंडीत मान टाकलेली. ‘केल्विन फ्लडलाइट’ ही ऑस्ट्रेलियातली पिवळी राक्षसी जात त्यापेक्षा किती तरी समजूतदार. मोठेच फूल हवे असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. भारतीय जातींत रामकृष्ण मिशनचे संन्यासी स्वामी विनयानंद यांनी तयार केलेल्या जाती अजून हौशी लोकांकडे सापडतात. आपल्या देशातल्या उन्हात निवडल्या गेल्यामुळे त्यांचे झाड चिवट असते. ओळखीतून फाटा मिळाला तर सोडू नये.

तारखेवरून मागे मोजणे

बागेतला डेलिया त्याच्या सवडीने फुलला तरी चालतो. प्रदर्शनाचा मात्र ठरलेल्या सकाळीच फुलावा लागतो. वाटाण्याएवढी कळी पूर्ण उमलायला लहान जातींना सुमारे तीन आठवडे लागतात, मोठ्यांना महिना. शेंडा खुडल्यापासून पहिल्या फुलापर्यंत दोन ते अडीच महिने. म्हणजे जानेवारीच्या अखेरीस प्रदर्शन असेल तर शेंडा नोव्हेंबरच्या मध्याला खुडला पाहिजे, आणि तोवर रोपाला चार जोड पाने आलेली असली पाहिजेत. त्यासाठी फाटा ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात, पागोळ्यांपासून लांब, छपराखाली रुजवलेला हवा. चवथीच्या धावपळीत हे राहून जाते. माझ्याकडे दर दोन वर्षांनी एकदा राहतेच.

शेंडा खुडायचा म्हणजे चौथ्या जोडीच्या वरचा कोंब नखाने तोडायचा. पानांच्या बेचक्यांतून फांद्या येतात. मोठ्या जातीला तीन-चार ठेवाव्यात, लहान जातीला सहा-आठ. राक्षसी जात कुंडीत एकच फूल घेण्यासाठी लावली असेल तर शेंडा खुडतच नाहीत, बगलेतल्या फांद्या काढत जातात. पाँपाँला फार छाटू नका, फूल कडीत मावेनासे होईल.

मग कळ्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन येतात, मधली मोठी आणि दोन बाजूंना पाठराखिणी. पाठराखिणी ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या की खुडायच्या, आणि खालच्या एक-दोन जोड्यांच्या बगलेतले कोंबही. काकीला हे बघवत नाही. ‘‘देवाने दिलेली कळी खुडतोस?’’ मी म्हणतो, बागेतल्याची खुडू नकोस, तिथे घोस शोभतात. ज्याला टेबलावर एकटे उभे राहायचे आहे त्याच्या वाटणीला मात्र भाऊबंद नकोत.

माती: आपली लाल जांभी आंबट असते. तिच्यात तितकेच कुजलेले शेण आणि पालापाचोळ्याचे खत, थोडी रेव, मूठभर निंबोळी पेंड, चिमूट चुना. कुंडीच्या तळाला नारळाच्या सोडणांचे तुकडे. खताचा सगळ्यात मोठा घोटाळा नत्राचा. युरिया टाकला की झाड आठवड्यात हिरवेगार होते, मालक खूश. पण देठ पोकळ, फूल उशिरा, आणि कंद साठवणीत आधी सडणारा. पहिल्या महिन्यात शेंगदाणा पेंडीचे पातळ पाणी द्या. कळी दिसली की पालाश असलेले खत, माझ्याकडे लाकडाची राख. कळीला रंग दिसला की काहीच नाही.

काठी लावणीच्या वेळीच रोवावी. नंतर रोवली तर ती नेमकी कंदातून जाते.

कीड थोडक्यात: पावसाच्या शेवटी गोगलगायी, थंडीत मावा आणि फुलकिडे, जानेवारीनंतर पानामागे लाल कोळी. कोळ्याला पानांच्या खालून जोराचा पाण्याचा फवारा बऱ्यापैकी आवरतो. मावा मात्र नुसता रस पिऊन थांबत नाही, मोझेकचा विषाणू पसरवतो. पानांच्या शिरांलगत पिवळट पट्टे, झाड खुजे, फूल वाकडे, असे दिसले की झाड उपटून जाळायचे. हा रोग कंदात आणि फाट्यात उतरतो, औषध नाही. ‘एवढी महाग जात’ म्हणून ठेवले तर वर्षभरात शेजारच्या दहा कुंड्या जातील. फाटे घेताना प्रत्येक झाडानंतर पाते स्पिरिटने पुसा.

फूल कापायचे आदल्या संध्याकाळी किंवा भल्या पहाटे, आणि पूर्ण उमललेलेच. गुलाबाची कळी फुलदाणीत उमलते, डेलियाची तशीच राहते. कापल्याबरोबर देठ खोल पाण्यात, रात्रभर अंधाऱ्या गार खोलीत. परीक्षक पाहतो ते साधारण असे: मागच्या पाकळ्या ताज्या आहेत का, मध्य बरोबर मधोमध आहे का, फूल देठावर तिरके, पाहणाऱ्याकडे तोंड करून बसले आहे का, देठ फुलाच्या मापाचा आहे का. माझे एक लाल कॅक्टस एका प्रदर्शनात नुसत्या मागच्या दोन सुकलेल्या पाकळ्यांमुळे मागे पडले होते. चिमट्याने काढायला दोन सेकंद लागले असते. आणि नियमावली वाचा. तीन फुले मागितली तिथे चार ठेवली तर परीक्षकाला ती कितीही आवडली तरी उपयोग नाही.

ठेवायचे कुठले, टाकायचे कुठले

बियांच्या मिश्र पाकिटाबद्दल म्हटले होते. दरवर्षी मी तीसेक रोपे बियांची लावतो आणि त्यातली दोन-तीनच ठेवतो. निवड फुलाच्या पहिल्या दिवशी करत नाही, कारण त्या दिवशी सगळीच सुंदर असतात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी अडीच वाजता बागेत जातो. ज्याचे फूल तेव्हा मान ताठ ठेवून असते त्याच्या बुंध्याला लाल दोरा. फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा तीच वेळ, तेव्हा अजून नवी कळी येत असेल तर दुसरा दोरा. मार्चमध्ये दोन दोरेवाल्यांचेच कंद उपसतो. त्यातही ज्यांची मान जाड आणि माथा भरलेला तेच पुढे जातात. फूल अप्रतिम पण कंद धरत नाही, अशा जातीचा गोव्यात दरवर्षी नव्याने शोध घ्यावा लागतो, तेवढी हौस हवी.

एखाद्या वर्षी झाडाची एकच फांदी वेगळ्या रंगाचे फूल देते. ती थट्टा नसते. त्या फांदीपुरता बदल झालेला असतो. तिचाच फाटा घेतला तर तो रंग टिकण्याची आशा असते. कंद घेतला तर बहुधा जुनाच रंग परत येतो.

साठवणीची अडचण विलायतेत हिमाची, आपल्याकडे एप्रिलच्या काहिलीची आणि नंतर जूनच्या दमटपणाची. एप्रिलमध्ये कंद वाळून खारकेसारखा होतो, जूनमध्ये त्यालाच बुरशी येते. मोठे झुबके फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवून पाहिले. टिकले, पण घरात त्यावरून जे बोलणे झाले ते इथे लिहीत नाही. आता मी लहान कुंडीतच वाढवलेला कंद उपसत नाही. पाणी हळूहळू तोडतो, खोड वाळले की वीतभर ठेवून कापतो आणि कुंडी आडवी करून मागच्या पडवीत, भिंतीला लावून ठेवतो. महिन्यातून एकदा ओल्या हाताने मातीवर पाणी शिंपडतो, इतकेच. नावाची पट्टी कुंडीला नव्हे, खोडाला बांधतो, कारण मे महिन्यात मुलांना आडव्या कुंड्या उभ्या करायचे खेळ सुचतात. पट्टीवर नावाखाली तीन गोष्टी: कळी किती तारखेला दिसली, डोळा कितव्या दिवशी उघडला, कंद कितपत निघाले.

जुलैच्या शेवटी, पावसाची जरा उघडीप पाहून, एकेक कुंडी उभी करतो आणि वरची माती बोटाने बाजूला सारतो. गेल्या वर्षी चौदांपैकी नऊ जणांच्या माथ्यावर गुलाबी डोळा होता. काकीच्या त्या एका कंदालाही. पाकिटावरच्यासारखे ताटाएवढे फूल काही त्याने दिले नाही. बशीएवढे दिले, आणि चौथ्या दिवशी डोळा दाखवला. काकीला तो पिवळा डोळाच आवडला. तिची कुंडी यंदाही दिव्यापासून लांबच ठेवायची आहे म्हणते.